उलटी बसलेली काच

खिडक्या धुण्याचा दिवस ठरलेला होता. भाताची झोडणी आटोपली की उपकारस्तुतीचा रविवार येतो, आणि त्याच्या आदल्या शनिवारी भाटघरहून सर्जेरावांचं घर दोन बादल्या, जुनी धोतरं आणि शिडी घेऊन टेकडीवरच्या चर्चला जातं. हे अठ्ठावन्नावं वर्ष.

यंदा शिडी घरीच राहिली. तिसऱ्या खिडकीला बाहेरून लोखंडी पाइपांची परांची लागली होती आणि तिच्यावर पुण्याहून आलेली शेफाली बसली होती. रंगीत काचा दुरुस्त करणं हे तिचं काम. चर्चच्या पंचांनी तिला बोलावलं होतं, कारण तिसऱ्या खिडकीतल्या माणसाला चेहरा नव्हता. डोक्यावर लाल मुंडासं होतं, खांद्यावर हिरवी शाल होती, मधे नुसती पिवळसर काच.

सर्जेराव आवाराच्या दगडी कठड्यावर बसून तिच्या हाताकडे बघत होते. वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेले, डोळे शाबूत. शेफालीनं कापसाचा ओला बोळा फिरवला, मग डोळे मिटले आणि चेहऱ्याच्या काचेवरून बोटाचं टोक हळूहळू नेलं. बाहेरच्या बाजूनं. ते बोट काय शोधतंय, हे त्या टेकडीवर एकट्या सर्जेरावांना ठाऊक होतं.

"आजोबा," ती वरून म्हणाली, "या काचा पूर्वी कधी काढल्या होत्या का?"

"कोयनेच्या भूकंपात वरली चौकट निखळली व्हती. सदुसष्ट साली."

"परत बसवली कुणी?"

सर्जेरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मिस्त्री व्हते. कोंडिबा म्हणून. किकवीचे."

हे खोटं नव्हतं. काम कोंडिबांचंच होतं. फक्त ती एक चौकट त्यांनी बसवलेली नव्हती.

भूकंप अकरा डिसेंबरच्या पहाटे झाला. चर्चच्या तिन्ही खिडक्यांच्या शिशाच्या पट्ट्या ढिल्या झाल्या. पाद्रीसाहेबांनी कोंडिबा मिस्त्रींना बोलावलं आणि कोंडिबांनी हाताखाली तेवीस वर्षांच्या सर्जेरावाला घेतलं. भोरमध्ये तेव्हा लोक म्हणत होते, वस्तीतल्या पोरांना काचेचं काम कसं जमणार. दोन खिडक्या दोघांनी मिळून बसवल्या. तिसऱ्या खिडकीच्या दिवशी कोंडिबांना ताप भरला. वरची एकच चौकट राहिली होती. "बसव तू," म्हणाले, आणि दुपारच्या एसटीनं किकवीला गेले.

रंगीत काचेवर चेहऱ्याच्या रेघा काढलेल्या असतात त्या बाजूला हाताला किंचित खरखर लागते. ती बाजू आत हवी, पाऊसवारा लागणार नाही अशी. सर्जेरावाला हे माहीत होतं. पण तो परांचीवर बाहेर उभा होता, खालची चौकट जपायला म्हणून तिच्यावर गोणपाट बांधलेलं होतं, आणि हातात पाद्रीसाहेबांनी दिलेला कागद होता. त्यावरचं खिडकीचं चित्र चर्चच्या आत बसून काढलेलं. कागदात माणूस डावीकडे बघत होता म्हणून सर्जेरावानं बाहेरून चौकट तशीच लावली, डावीकडे बघणारी. गोणपाट सोडल्यावर तो खाली उतरून आत गेला आणि त्यानं पाहिलं. खाली रस्त्यात पडलेला जखमी माणूस एकीकडे, वरचा मदतीला आलेला माणूस दुसरीकडेच बघतोय. काच पक्की करणारी लांबी तोवर भरून झाली होती.

आठवड्यानं कोंडिबा आले. खिडकीकडे बघितलं, सर्जेरावाकडे बघितलं. पाद्रीसाहेब म्हणाले, "मिस्त्री, हे डोकं उलटं वाटतंय." कोंडिबा म्हणाले, "म्या बसवलंय. आता काढाय गेलं तर फुटंल." नंतर आवाराबाहेर, विडी पेटवत, सर्जेरावाला एवढंच म्हणाले, "माजं नाव झालेलं हाय, त्याला एक डाग चालंल. तुजं व्हायचंय."

त्याच महिन्यात पाद्रीसाहेबांनी दवाखान्याच्या बावीस दारांचं काम सर्जेरावाला दिलं. स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. त्यानंतर त्यांना काम कमी पडलं नाही. आणि बाहेरच्या बाजूच्या रेघा भोरच्या पावसानं दहा-बारा वर्षांत धुऊन नेल्या. आधी डोळे गेले, मग नाक, मग ओठ.

शेफालीनं डोळे उघडले. बोटाकडे बघितलं, खिशातून भिंग काढलं. सर्जेराव कठड्यावरून उठले.

*

आत, बाकांच्या मधे, ओल्या फरशीवर उभं राहून सर्जेरावांची लेक सारिका आईशी वाद घालत होती. या घरात दोन वाटा होत्या. अंजनाबाई चर्चच्या, सर्जेराव विहाराचे, आणि कुणी कुणाला ओढायचं नाही असं त्यांच्या लग्नातच ठरलं होतं. सारिका आईबरोबर गेली, नागसेन बापाबरोबर. सारिका आता भोरच्या टपाल कचेरीत होती आणि चर्चच्या पंचांची चिटणीस होती.

"पंचांचा ठराव झालाय, आई. एकमतानं."

"एकमतानं म्हंजी माज्याबिगर."

"तू बैठकीत गप्प बसलीस."

"मला वाटलं च्या पिऊन उठत्याल. दरवर्षी तसंच व्हतंय."

पहिल्या, मेंढपाळाच्या खिडकीवरून ओलं धोतर फिरवणारा नागसेन हसला. तो किकवीच्या शाळेत शिक्षक होता. "मला आईचं पटतंय. चेहरा नाही तेच बरं आहे."

"दादा, तू चर्चला वर्षातून एकदा येतोस. बादली घेऊन."

"म्हणून तर माझं मत निःपक्ष आहे."

"विहारातल्या मूर्तीचं नाक पडलं तर राहू देशील तसंच?"

 त्याची बायको सुलक्षणा मधल्या खिडकीपाशी स्टुलावर उभी होती. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं, सरवा, वेचणाऱ्या बायबलमधल्या रूथच्या पायाशी जमलेली धूळ ती फडक्यानं काढत होती. "वन्सं, बरोबर धरलंत," ती म्हणाली.

सारिकाला चेहरा का हवा होता, हे तिनं पंचांना सांगितलं होतं. तिची पिंकी संडे स्कूलला जायची तेव्हा त्या खिडकीखाली बसायला घाबरायची. रस्त्यात लुटून टाकलेल्या माणसाला प्रतिष्ठित लोक ओलांडून गेले आणि ज्याच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं असा शोमरोनी थांबला, येशूनं सांगितलेली ही गोष्ट भोरच्या वस्तीतल्या पोरांना समजावून सांगावी लागत नाही. पण पोरं विचारत, त्याला तोंड का नाही. सारिकाला वाटे, सगळ्या गोष्टीत एकच माणूस धड वागला, आणि पुसला गेला तोही तोच.

"आई, पिंकीपुरतं तरी बघ."

अंजनाबाई पुढच्या बाकावर टेकल्या. अठ्ठ्याहत्तरीच्या बाईनं सकाळपासून दहा फेऱ्या पाण्याच्या घातल्या होत्या. "पिंकी आता पुन्याला नोकरीला हाय. ती भ्यायची न्हाई." त्या म्हणाल्या, "माजं म्हणनं येवढंच हाय. मेंढपाळासमोर म्या लांब गेलेल्यांसाठी मागते. रूथीसमोर पोटाला मिळालं त्याचं आभार. आन् हितं, दर रविवारी एक मानूस बसवते त्या रिकाम्या जागी. ज्यानं माज्यासाठी थांबून काय केलं, त्याचं तोंड. ह्या दादाच्या येळंला पूर आलेला, तवा वेल्ह्याच्या एसटीचा डायव्हर गाडी फिरवून मला दवाखान्यात घेऊन गेला. कापूरहोळच्या ढाब्यावरली बाई, तुजं दूध तापवून द्यायची. त्यांची नावंबी ठावं न्हाईत मला. तोंडं ठावं हायत. तुमी तिथं एकाचंच तोंड काढलंत तर बाकीच्यांनी कुठं जायचं?"

सारिकानं हे तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं होतं. एवढं सलग कधी नाही. तिचा ठरावाचा कागद हातात होता. तो तिनं पर्समध्ये ठेवला नाही, पण पुढेही केला नाही.

शेफाली आत आली. हातात मोबाईल, त्यावर काचेचे फोटो. "सारिकाताई, एक अडचण आहे. म्हणजे कारण सापडलं आहे. ही वरची चौकट उलटी बसवली आहे. आतली बाजू बाहेर. म्हणून चेहरा धुऊन गेला. तिरप्या उजेडात रेघांच्या खुणा अजून दिसतात. चांगल्या मिस्त्रीकडून अशी चूक होत नाही खरं तर."

"कोंडिबा मिस्त्रींनी बसवली होती," सारिका म्हणाली. "आबा त्यांच्या हाताखाली होते. वयस्कर माणूस, चुकला असेल."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. सुलक्षणा स्टुलावरून उतरत होती. कोंडिबा मिस्त्री सुलक्षणाच्या वडिलांचे वडील.

"वहिनी, मी तसं नाही म्हटलं."

"तसंच म्हटलंत. आणि तुम्ही नवीन काय सांगितलंत?" सुलक्षणाचा आवाज चढला नाही. तिनं फडकं बादलीवर पिळलं. "आमच्या घरात हेच सांगायचे. म्हाताऱ्याचा हात गेला. चर्चचं काम बिघडलं तेव्हापासून हळूहळू कुणी बोलवेना. शेवटी कापूरहोळला बाजा विणत बसले. माझे वडील मरेपर्यंत तेच सांगत होते, बापाचा हात गेला. मला वाटायचं लोक उगाच बोलतात. आता फोटोच निघाला."

दारातून काठीचा आवाज आला. सर्जेराव चर्चच्या आत आले होते. ते सहसा उंबऱ्यापर्यंतच येत.

"कोंडिबानं न्हाई बसवली," ते म्हणाले.

 नागसेननं बाक पुढे ओढला. ते बसले नाहीत.

"ती चौकट म्या बसवली. कोंडिबाला ताप व्हता, ते घरी गेलते. म्या बाहेरनं उबा राहून कागद बघून बसवली, उलटी. त्यांनी पाद्रीसायबाला सांगितलं, म्या बसवली. आन् म्या गप राहिलो. त्या वक्ताला मला बावीस दारं मिळायची व्हती."

सारिका बापाकडे बघत राहिली. तिच्या लहानपणी भोरच्या रस्त्यानं जाताना ते दवाखान्याकडे बोट करून म्हणत, ती दारं माझी. दर वेळी म्हणत.

"मामा," सुलक्षणा म्हणाली. "आजोबांचा हात गेला होता की नव्हता?"

"न्हवता. तसा हात म्या पुन्हा बघितला न्हाई. लोकं काय म्हणत्यात ते मला ऐकू येत व्हतं. म्या इचारायला गेलो न्हाई. कापूरहोळवरनं एसटी जायची तर दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसायचो."

"म्हणून मला सून करून आणलीत?"

नागसेन म्हणाला, "सुलक्षणा—"

"तुम्ही थांबा. मामांना विचारलंय."

सर्जेरावांनी मान वर केली. "व्हय. थोडं त्याच्यासाठीबी. त्यानं काय फिटत न्हाई, ते मला ठावं हाय. नागसेनाला तू पसंत व्हतीस, ते येगळं."

"पसंतीचं मला माहीत आहे," सुलक्षणा म्हणाली. "पहिल्या भेटीत तीन वेळा पाणी मागितलं होतं त्यांनी." तिनं बादली उचलली आणि पाणी बदलायला बाहेर गेली. नागसेन तिच्यामागे निघाला, दारात थांबला, परत आला आणि बापाच्या शेजारी उभा राहिला. मग पुन्हा बाहेर गेला.

*

अंजनाबाईंनी सगळ्यांना चहाला पाठवलं. पाळक आनंदराव चर्चमागच्या खोलीत राहत. त्यांच्याकडे चुलीवर आधण ठेवलेलंच असायचं. सर्जेराव उठायला लागले तर त्या म्हणाल्या, "तुमी बसा."

दुपारचा उजेड तिसऱ्या खिडकीतून उतरायला लागला होता. फरशीवर लाल आणि हिरवा पट्टा पडला होता, मधे फिका पिवळा गोल. अंजनाबाई एकोणसत्तर साली लग्न होऊन आल्या. पहिल्या रविवारी त्यांनी या खिडकीकडे बघितलं आणि त्यांना राग आला होता. तेव्हा चेहरा होता. डोळे होते. पण ते पडलेल्या माणसाकडे नव्हते. बाहेर आवारात कोंडिबा मिस्त्री बाकाचा पाय ठोकत होते. नव्या नवरीला बोलायची भीड नव्हती. ती म्हणाली, "मिस्त्री, तुमचा शोमरोनी पाठ फिरवून बसलाय."

कोंडिबांनी तोंडातला खिळा काढला. म्हणाले, "त्याला रस्त्याकडंबी बघावं लागतं, पोरी. आनखी कोन पडलंय का, त्ये."

ते एक वाक्य घेऊन त्या आत गेल्या होत्या. पुढची पंचावन्न-छप्पन्न वर्षं त्यांनी त्यावर काढली. हा माणूस रस्त्याकडे बघतोय, अजून कोण पडलंय का ते बघतोय. आपण पडलो तेव्हा कोण कोण थांबलं? तिथून एकेक तोंड आठवायला सुरुवात झाली. रेघा गेल्या तेव्हा सोपंच झालं.

आणि मिस्त्रींनी ते वाक्य नवऱ्याची चूक झाकायला उच्चारलं होतं.

"तुमी मला सांगाय पायजे व्हतं," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"इतकी वर्सं म्या हितं बसून हात जोडते. तुमी बाहेर कठड्यावर बसून बघताय. काय वाटत व्हतं तुमाला?"

सर्जेरावांनी खरं ते सांगितलं. "सुरवातीला लाज. मग तू त्या खिडकीबद्दल बोलाय लागलीस, त्या डायव्हरचं, त्या बाईचं. मला वाटलं, सांगितलं तर हिचं सगळं कोसळंल."

"माजं कशाला कोसळंल? तुमच्या उलट्या काचंवर हाय का माजं सगळं?" अंजनाबाईंना हसू आलं नाही, पण येऊ शकलं असतं. "चूक ती चूक. तिला देवाची करणी म्हणून म्या पांघरून घालायची न्हाई. त्या मानसानं आयुष्यभर बाजा इणल्या."

"न्हाई घालू."

"पन एक हाय. म्या येवढ्या जणांची तोंडं हितं बसवली. कंपाउंडर बसवला, नर्स बसवली, ती तुमची भांडखोर आत्याबी एकदा बसवली. कोंडिबा मिस्त्रीला कदी बसवलंच न्हाई. माज्या मनात त्यो काम बिघडवणारा मिस्त्री." त्या उठल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि खिडकीसमोर उभ्या राहिल्या.

सर्जेराव बाकावर बसून राहिले. बायको प्रार्थना करते तेव्हा ओठ हलतात, हे त्यांना लांबून माहीत होतं. इतक्या जवळून त्यांना शब्दही ऐकू आले. ती देवाला किकवीचा पत्ता सांगत होती, घर कुठलं, वळण कुठलं, जणू देवाला तिथं कुणाला तरी जाऊन भेटायचं आहे. मग म्हणाली, त्याचे उपकार आहेत, आमच्या घरावर, माझ्यावर तर सगळ्यांत जास्त, आणि मला आज कळलं.

वळून त्या म्हणाल्या, "तोंड काढायचं का न्हाई, ते आता म्या बोलायची न्हाई. माजा हक्क ऱ्हायला न्हाई. पंचांनी ठरवावं. पन काच सरळ करा. आजच."

"शेफालीबाई करंल."

"ती करंलच. तुमीबी हात लावा."

*

सुलक्षणा चहा प्यायली नव्हती. ती आवाराच्या टोकाला, जिथून धरणाचं पाणी दिसतं, तिथं उभी होती, आणि नागसेन चार हातांवर. त्याला बायकोचा स्वभाव माहीत होता.  शेवटी तिनंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"शपथ?"

"शाळेत मुलांना मीच सांगायचो, आमच्या वडिलांनी भोरच्या दवाखान्याची दारं केली. मला माहीत असतं तर सांगितलं असतं का?"

तिनं मान्य केलं. राग तिला आलाच होता, पण तो कुठं ठेवायचा हे ठरत नव्हतं. सासऱ्यांनी तिला कधी उणं पडू दिलं नव्हतं. तिच्या बाळंतपणात साठीला पोचत आलेला माणूस एसटीनं पुण्याला डबा घेऊन यायचा. तेव्हा तिला वाटायचं, आपलं नशीब चांगलं. आता तिला त्यामागचं दुसरं कारण कळलं होतं, आणि डबा तरीही गरमच होता. दोन्ही खरं होतं. त्यातलं एक खोडता येत नव्हतं.

परांचीपाशी सर्जेराव उभे होते. शेफाली म्हणत होती, "आजोबा, तुम्ही वर चढायचं नाही. चौकट मी खाली आणते. पट्ट्या सुटल्याच आहेत."

चौकट खाली आली, दीड हात लांब, हातभर रुंद. टेबलावर घोंगडं पसरलं होतं, त्यावर ठेवली. शिसं वाकू नये म्हणून दोघांनी दोन टोकांना धरून एकदम उलटायला हवी होती. शेफालीनं एक टोक धरलं. सर्जेराव दुसऱ्या टोकाला गेले, हात पुढे केले आणि थांबले.

"सुलक्षणा," ते म्हणाले. "तू धर."

"मला काय येतं त्यातलं?"

"म्या सांगतो. कोंडिबानं मला सांगितलं तसं सांगतो."

ती लगेच पुढे आली नाही.  मग तिनं ओले हात पदराला पुसले.

"आंगठा कडंला. कडंलाच, काचंवर न्हाई. आता दुसऱ्या हाताचं बोट फिरव. काय लागतंय?"

"गुळगुळीत आहे."

"चेहऱ्यापाशी."

तिनं पिवळसर काचेवर बोट नेलं. अगदी बारीक खरखर लागली, सुकलेल्या दुधाच्या थेंबासारखी. भुवई असावी. "आहे काहीतरी."

"ती आतली बाजू. ती आत गेली पायजे. येवढंच काम असतंय. म्या त्या दिवशी तेवढं बोट फिरवलं न्हाई."

शेफालीनं तीनपर्यंत मोजलं आणि चौकट उलटली.

साडेचारपर्यंत लांबी भरून झाली. सगळे आत गेले. शोमरोन्याला चेहरा नव्हताच, पण मुंडाशाचा कल आता खालच्या माणसाकडे होता, मान थोडी वाकलेली. सारिकानं बराच वेळ बघितलं. "आई, राहू दे का असंच?" ती म्हणाली. "शेफालीताई म्हणतात, मागे दुसरी काच लावून कधीही चेहरा काढता येईल. घाई नाही."

"मला इचारू नकोस. ठराव तुजा हाय."

"मग पंच बसतील परत."

"म्हंजी दोन वर्सं निगाली," अंजनाबाई म्हणाल्या.

जाताना सुलक्षणा सासऱ्यांजवळ आली. "मामा, तुम्ही आज आम्हा पाच माणसांत बोललात. हात गेला, हे अख्खा तालुका बोलत होता."

सर्जेरावांना समजलं. "उद्या लोकं येत्याल," ते म्हणाले.

"येतील."

रविवारी चर्च भरलं. तिन्ही खिडक्यांखाली भाताच्या पेंढ्या, दुधी, नाचणी, नव्या तांदळाची पोती. गाणी झाली, वाचन झालं. मग रिवाजाप्रमाणे आनंदरावांनी विचारलं, कुणाला उपकाराची साक्ष द्यायची आहे का. एका बाईनं नातवाच्या आजाराबद्दल सांगितलं, एका शेतकऱ्यानं पाऊस वेळेवर थांबला म्हणून सांगितलं. नंतर मागच्या बाकावरून सर्जेराव उठले, आणि जे ओळखत होते त्यांनी वळून बघितलं, कारण हा विहारातला माणूस.

"म्या तुमच्या देवळातला न्हाई," ते म्हणाले. "पन ही जागा माज्या वळखीची हाय. एक चूक सांगायची हाय आन् एक उपकार." त्यांनी सगळं सांगितलं. ताप, कागद, गोणपाट, बावीस दारं.  शेवटी म्हणाले, "ह्या खिडक्यांत जेवढं सरळ हाय तेवढं कोंडिबा मिस्त्रीचं. उलटं व्हतं ते माजं. त्यांनी माजं आपल्या अंगावर घेतलं. म्या ते कदी परत घेतलं न्हाई. आज घेतो."

ते बसले. आमेन कुणी म्हणावं की नाही हे लोकांना ठरवता येईना, तेवढ्यात पुढच्या बाकावरून अंजनाबाई म्हणाल्या, आणि मग सगळेच म्हणाले. नागसेननंही, ऐकू येईल इतपत.

उपासना सुटली. आवारात माणसं पांगत होती, कुणी सर्जेरावांचा हात हातात घेत होतं, कुणी लांबून बघून जात होतं. सुलक्षणानं चप्पल घातली नाही. ती पायऱ्यांवरच थांबली आणि किकवीला भावाला फोन लावला.

"कुमार, ऐक. आजोबांचा हात गेला नव्हता."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "कोण म्हणलं?"

"मामा. चर्चमध्ये. सगळ्यांसमोर." तिनं थोडक्यात सांगितलं. कुमार मधे दोनदा नुसतं 'हं' म्हणाला.

"थांब," तो म्हणाला. "आईला देतो. तू सांग."

आईला कमी ऐकू यायचं. आजोबा विणत असलेल्या बाजांना दोरी ओलावून द्यायचं काम तिनं लग्नानंतर बारा वर्षं केलं होतं. फोनवर तिचा श्वास आला, बांगड्या वाजल्या. "काय गं? कुणाचं काय झालं?"

"आई, आजोबांचा हात गेला नव्हता."

"आं?"

पायऱ्यांवरून उतरणारी माणसं थांबली. सुलक्षणानं त्यांच्याकडे बघितलं, पाठ फिरवली नाही, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली, या वेळी कुणालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.